मेयोनीजमधले बटाट्याचे सॅलड: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी सविस्तर कृती

उन्हाळ्यात आठ-दहा माणसे जेवायला येणार असली की आदल्या रात्रीच करून ठेवता येईल, फ्रीजमधून काढून गारच वाढता येईल आणि शिवाय पोटभरीचाही होईल असा एखादा पदार्थ हाताशी असावा असे यजमानाला वाटते. मेयोनीजमध्ये कालवलेले बटाट्याचे मलईदार सॅलड या तिन्ही अपेक्षा पुऱ्या करते आणि करायला अवघडही नाही. तरीही पहिल्या प्रयत्नात ते बऱ्याच जणांचे बिघडते. कधी त्याचा लगदा होतो, कधी तळाशी पाणी सुटते, तर कधी वरून चविष्ट लागणाऱ्या फोडी आतून अगदी अळणी निघतात. अशा वेळी दोष मेयोनीजला दिला जातो आणि पुढच्या खेपेला महागडे मेयोनीज आणले जाते. माझ्या अनुभवात मात्र हे सॅलड सुधारते किंवा बिघडते ते बटाट्याच्या टप्प्यावर, म्हणजे मेयोनीजची बाटली उघडण्याच्या कितीतरी आधी.

सगळ्या कृतीचा कणा एकाच वाक्यात सांगता येतो: बटाटा गरम असतानाच त्याला मीठ आणि व्हिनेगर लावायचे आणि तो पूर्ण गार झाल्यावरच मेयोनीजमध्ये कालवायचा. मी पहिल्यांदा हे सॅलड केले तेव्हा पाहुणे यायला तासभरच उरला होता, म्हणून वाफा निघणाऱ्या फोडींवरच मेयोनीज ओतले. उष्णतेने ते फुटले, तेल वेगळे होऊन भांड्याच्या कडेला साचले आणि फोडी तेलकट व निस्तेज दिसू लागल्या. नंतर ते फ्रीजमध्ये कितीही वेळ ठेवले असते तरी सुधारले नसते. त्यामुळे साहित्याच्याही आधी वेळेचा हिशेब करावा. हाताने करायचे काम पाऊण ते एक तासाचे असते, फोडी गार व्हायला आणखी तासभर लागतो आणि कालवलेले सॅलड मुरायला किमान चार तास द्यावे लागतात. दुपारी जेवण असेल तर आदल्या संध्याकाळी सुरुवात करणे उत्तम.

साहित्य

इतर पदार्थांच्या जोडीला वाढायचे असेल तर पुढील प्रमाण दहा ते बारा जणांना पुरते. दीड किलो बटाटे, ४ अंडी, २५० मिलिलिटर मेयोनीज, त्याच्या निम्मे सावर क्रीम (आंबवलेली घट्ट मलई) किंवा पाणी निथळून घेतलेले घट्ट दही, ४ मोठे चमचे पांढरे किंवा सफरचंदाचे व्हिनेगर, १ मोठा चमचा तयार मस्टर्ड (मोहरीची पेस्ट), सेलरीचे २ दांडे, १ लहान कांदा, व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या छोट्या काकड्यांचे बारीक तुकडे ४ मोठे चमचे, १ छोटा चमचा साखर, मीठ, ताजी भरडलेली मिरी आणि वरून घालायला चाईव्ह्ज (कांद्याच्या पातीसारखी बारीक पात), पार्सली (कोथिंबिरीसारखी पालेभाजी) किंवा शेपू. सेलरी मिळाली नाही तर कोणताही करकरीत, पाणी न सोडणारा घटक चालतो. मऊ बटाट्याच्या मध्येच दाताखाली काहीतरी कुरकुरीत येणे या सॅलडला गरजेचे असते. आंबटपणाला मात्र पर्याय नाही, त्यामुळे व्हिनेगर वगळू नये. व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रस वापरावा.

बटाट्याची निवड

बटाट्याचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पिठूळ बटाट्यात स्टार्च जास्त असतो आणि पाणी कमी. शिजल्यावर त्याच्या पेशी फुगून एकमेकींपासून सुटतात, म्हणून तो कोरडा, रवाळ होतो आणि चमच्याच्या नुसत्या स्पर्शाने फुटतो. कुस्करून खाण्यासाठी किंवा ओव्हनमध्ये भाजण्यासाठी तो छान, पण सॅलडमध्ये त्याच्या फोडी टिकत नाहीत. दुसऱ्या प्रकारात स्टार्च कमी आणि ओलावा जास्त असतो. असा बटाटा शिजल्यावरही घट्ट राहतो, त्याच्या फोडीच्या कडा नीट दिसतात. पातळ सालीचे नवे बटाटे आणि लाल सालीचे बरेचसे बटाटे या गटात मोडतात. रसेट ही जात पिठूळ प्रकाराचा नमुना, तर युकॉन गोल्ड ही जात दोन्हींच्या मधली. मला स्वतःला हा मधला प्रकार अधिक आवडतो, कारण त्याच्या फोडी आकार धरून राहतात आणि कडांचा थोडासा भाग मेयोनीजमध्ये विरघळून सॅलडला दाटपणा आणतो. अगदी घट्ट बटाट्याच्या फोडींवर मेयोनीज नुसते वरवर बसते.

जातीचे नाव माहीत नसेल तर एक सोपी परीक्षा घरीच करता येते. अकरा वाट्या पाण्यात एक वाटी मीठ पूर्ण विरघळवावे आणि त्यात बटाटा सोडावा. पिठूळ बटाट्याची घनता जास्त असल्यामुळे तो सहसा तळाशी जातो आणि कमी स्टार्चचा बटाटा तरंगतो. एवढे करायचे नसेल तर एक बटाटा आधी उकडून पाहावा. सालीला तडे जाऊन आतला गर पांढरा व भुरभुरीत दिसला, तर ते बटाटे दुसऱ्या पदार्थासाठी ठेवावेत.

सालीखाली हिरवटपणा असलेले बटाटे शक्यतो घेऊच नयेत. उजेडात राहिल्याने बटाटा हिरवा होतो आणि अशा भागात सोलानिन हे कडवट, अपायकारक द्रव्य वाढलेले असू शकते. ते उकळल्याने नष्ट होत नाही. किरकोळ डाग असेल तर तो भाग जाड कापून टाकावा, कोंबही खोलवर काढावेत. बराच भाग हिरवा असेल तर तो बटाटा फेकून देणेच योग्य.

फोडी करणे आणि उकडणे

बटाटे सोलून दोन ते अडीच सेंटिमीटरच्या सारख्या फोडी कराव्यात. सारखेपणाचा आग्रह येथे दिसण्यासाठी नाही. लहानमोठ्या फोडी एकत्र उकळल्या, तर मोठ्या शिजेपर्यंत लहान विरघळून जातात. चिरलेल्या फोडी गार पाण्यात एकदा खळबळून घ्याव्यात, म्हणजे वरचा सुटा स्टार्च निघून जातो. बटाटे सालीसकट अख्खे उकडण्याची पद्धतही चांगली आहे. त्यात बटाटा पाणी कमी पितो आणि त्याची मूळ चव जास्त राहते. परंतु मीठ आतपर्यंत पोहोचत नाही, बाहेरचा थर मऊ झाला तरी मध्यभाग कच्चा राहण्याचा धोका असतो आणि गरम बटाटे सोलण्यात व्हिनेगर लावण्याची योग्य वेळ निघून जाते. पहिल्यांदा करणाऱ्याने आधी चिरूनच उकडावे, असे माझे मत आहे.

फोडी पातेल्यात घालून वर तीन सेंटिमीटर येईल इतके गार पाणी ओतावे आणि मगच पातेले आचेवर ठेवावे. उकळत्या पाण्यात फोडी सोडल्या, तर बाहेरचा थर लगेच शिजू लागतो आणि मध्यभाग शिजेपर्यंत तो गळून पडतो. गार पाण्यापासून सुरुवात केली की आतबाहेर उष्णता हळूहळू, बरोबरीने पोहोचते. पाण्यात दर लिटरला १० ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धा मोठा चमचा मीठ घालावे. हे प्रमाण पाहून नवख्या माणसाचा हात आखडतो, पण त्यातले बरेचसे मीठ निथळलेल्या पाण्याबरोबर निघून जाते आणि बटाट्याच्या आत चव नेण्याची ही एकमेव खरी संधी असते. नंतर मेयोनीजमध्ये कितीही मीठ घातले तरी फोडीचा गाभा अळणीच राहतो.

याच पाण्यात ४ चमच्यांपैकी १ मोठा चमचा व्हिनेगर घालावे. बटाट्याच्या पेशी पेक्टिन नावाच्या द्रव्याने एकमेकींना चिकटलेल्या असतात. शिजताना हे पेक्टिन विरघळते, म्हणून बटाटा मऊ होतो. आम्लामुळे ते विरघळण्याचा वेग मंदावतो आणि फोडींच्या कडा शाबूत राहतात. व्हिनेगर बेताचेच असावे. ते फार झाले तर फोडी कितीही वेळ उकळल्या तरी चामट राहतात.

पाण्याला उकळी आली की आच कमी करावी. खळखळून उकळणाऱ्या पाण्यात फोडी एकमेकींवर आपटून झिजतात, म्हणून पृष्ठभागावर अधूनमधून बुडबुडे येत राहतील इतपतच आच पुरे. तेथून पुढे आठ ते बारा मिनिटे लागतात, पण घड्याळावर विसंबू नये. आठव्या मिनिटापासून दर मिनिटाला एक फोड बाहेर काढून तिच्यात सुरीचे टोक टोचावे. टोक विनासायास आत गेले आणि सुरी उचलल्यावर फोड अलगद घसरून पडली, परंतु फुटली नाही, तर बटाटा तयार झाला. फोड सुरीलाच अडकून वर आली तर अजून शिजू द्यावे. बटाटा मुद्दाम थोडा कच्चा ठेवण्याचा सल्ला काही जण देतात, तो मला पटत नाही. गार होताना शिजलेला स्टार्च पुन्हा घट्ट होत जातो, त्यामुळे गरम असताना किंचित कच्ची वाटलेली फोड फ्रीजमधून काढल्यावर दाताला चांगलीच कडक लागते. प्रेशर कुकरचा मोह मात्र टाळावा. झाकणाआड काय चालले आहे ते दिसत नाही आणि एका मिनिटाच्या फरकाने फोडींचा लगदा होतो.

गरम असतानाच आंबट

फोडी चाळणीत निथळून घ्याव्यात आणि रिकाम्या, अजून गरम असलेल्या पातेल्यात मिनिटभर परत टाकाव्यात, म्हणजे पृष्ठभागावरचे पाणी वाफ होऊन उडून जाते. सॅलडला पुढे सुटणारे बरेचसे पाणी हेच असते, त्यामुळे हे एक मिनिट वाचवू नये. मग फोडी एका मोठ्या पसरट ताटात किंवा ट्रेमध्ये एका थरात पसराव्यात आणि वाफा निघत असतानाच उरलेले ३ मोठे चमचे व्हिनेगर व अर्धा छोटा चमचा मीठ सगळीकडे सारखे शिंपडावे. गरम फोड हा द्रव पटकन शोषून घेते. गार झालेल्या फोडीवर तोच द्रव वरच्या वर ओघळून खाली साचतो. रबरी उलथन्याने दोन-तीनदा हलकेच वरखाली करावे. थोड्या कडा मोडतील, ते चांगलेच आहे. या टप्प्यावर एक फोड खाऊन पाहावी. तिला स्वतःची खारट-आंबट चव असायला हवी आणि नुसतीच खावीशी वाटायला हवी. तशी ती वाटली, तर अर्धे काम साधले असे खुशाल समजावे.

दक्षिण जर्मनीत बटाट्याचे सॅलड मेयोनीजशिवायच करतात. तेथे गरम फोडींवर व्हिनेगर आणि गरम रस्सा म्हणजे ब्रॉथ ओततात आणि तो जिरू देतात. उत्तरेकडे मात्र मेयोनीज घालण्याची पद्धत आहे. आपल्या मलईदार सॅलडमध्ये पहिल्या पद्धतीतले मुरवणे आणि दुसऱ्या पद्धतीतली मलई या दोन्ही गोष्टी एकत्र येतात, आणि पहिली वगळली की दुसरी नुसतीच जड लागते.

ताट अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवून फोडी कोमट झाल्या की झाकून फ्रीजमध्ये ठेवाव्यात आणि पूर्ण गार होऊ द्याव्यात.

अंडी आणि चिरायचे जिन्नस

फोडी गार होईपर्यंत बाकीची तयारी करावी. अंडी उकळत्या पाण्यात अलगद सोडून दहा-अकरा मिनिटे उकडावीत आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावीत. जास्त वेळ उकळल्यास पांढऱ्यातले गंधकयुक्त द्रव्य आणि पिवळ्यातले लोह यांच्या संयोगाने बलकाभोवती हिरवट करडे कडे तयार होते. ते अपायकारक नसते, पण पांढऱ्याशुभ्र सॅलडमध्ये उठून दिसते आणि वासही उग्र येतो. अगदी ताज्या अंड्यांची टरफले नीट निघत नाहीत, म्हणून आठवडाभर जुनी अंडी घेणे सोयीचे. सोललेल्या अंड्यांचे मोठे तुकडे करावेत. एका अंड्याचा बलक कुस्करून मेयोनीजमध्ये मिसळला तर रंगाला आणि दाटपणाला छान मदत होते.

कांदा अगदी बारीक चिरून दहा मिनिटे गार पाण्यात ठेवावा, म्हणजे त्याचा उग्रपणा उतरतो. रात्रभर मुरणाऱ्या पदार्थात कच्च्या कांद्याचा दर्प वाढत जातो, म्हणून हे आवश्यक आहे. कांदा, सेलरी आणि मुरवलेल्या काकड्या, तिन्ही स्वच्छ फडक्यावर टिपून कोरड्या कराव्यात.

मेयोनीजचे मिश्रण

बाटलीतले चांगले मेयोनीज वापरण्यात काही कमीपणा नाही. उलट अनेक माणसांसाठी आणि उन्हाळ्यात करताना मी तेच सुचवेन, कारण त्यात सहसा पाश्चराइज केलेली, म्हणजे जंतू मरतील इतपत बेताची उष्णता दिलेली अंडी असतात आणि त्याचा आंबटपणा ठरावीक असतो. घरीच करायचे असेल तर सामान्य तापमानाचा एक बलक, १ छोटा चमचा मस्टर्ड आणि १ मोठा चमचा लिंबाचा रस एकत्र फेटून त्यात २०० मिलिलिटर बिनवासाचे तेल घालावे, सुरुवातीला अक्षरशः थेंबाथेंबाने आणि मिश्रण दाटू लागल्यावर बारीक धारेने. बलकातील लेसिथिन तेलाच्या सूक्ष्म थेंबांना पाण्यात अडकवून ठेवते. तेल घाईने ओतले की हे थेंब पुन्हा एकत्र येतात आणि मिश्रण फुटते. फुटलेले मेयोनीज टाकून देऊ नये. दुसऱ्या भांड्यात नवा बलक घेऊन त्यात ते थोडेथोडे फेटत गेले की पुन्हा जुळून येते. यात अंडे कच्चे राहते, म्हणून पाश्चराइज केलेलीच अंडी घ्यावीत. लहान मुले, गरोदर स्त्रिया किंवा वृद्ध माणसे जेवणार असतील तर याबाबतीत तडजोड करू नये. अंडे न खाणाऱ्यांसाठी अंड्याविना केलेले मेयोनीज वापरून उकडलेली अंडी वगळावीत. सॅलड तितकेच मलईदार होते.

मेयोनीज, सावर क्रीम, मस्टर्ड, साखर, मिरी आणि लागेल तसे मीठ वेगळ्या भांड्यात एकजीव करून चव पाहावी. मेयोनीज एकटेच वापरले तर सॅलड जिभेवर तेलकट बसते आणि नुसते दही घातले तर पातळ होते, म्हणून दोन भाग मेयोनीजला एक भाग सावर क्रीम हे प्रमाण मला पक्के वाटते. हे मिश्रण नुसते चाखताना थोडे जास्तच खारट आणि झणझणीत लागायला हवे, कारण दीड किलो बटाटा ती तीव्रता सहज गिळून टाकतो.

कालवणे आणि मुरवणे

फोडी हाताला स्पष्टपणे गार लागल्या की मोठ्या भांड्यात घ्याव्यात, वर अंडी व चिरलेले जिन्नस घालावेत आणि मिश्रणाचा दोन तृतीयांश भागच ओतावा. डावाने ढवळू नये. रबरी उलथने भांड्याच्या कडेने तळाशी नेऊन खालचे वर आणावे, भांडे थोडे फिरवावे आणि पुन्हा तसेच करावे. आठ-दहा वेळा एवढे पुरते. मिश्रणाचा उरलेला भाग झाकून फ्रीजमध्ये ठेवावा. रात्रभरात बटाटा बराच ओलावा शोषतो आणि संध्याकाळी सैलसर वाटलेले सॅलड सकाळी कोरडे दिसते. सगळे मिश्रण आधीच संपवले असेल, तर ते पुन्हा मलईदार करायला हाताशी काहीच उरत नाही.

वाढण्यापूर्वी राखलेले मिश्रण कालवून गार सॅलडचीच चव पुन्हा पाहावी. गार पदार्थाची चव जिभेला फिकी लागते, त्यामुळे बहुतेक वेळा चिमूटभर मीठ आणि छोटा चमचाभर व्हिनेगर आणखी लागतेच. चाईव्ह्ज किंवा शेपू अगदी शेवटी घालावा. आदल्या रात्री घातला तर तो काळवंडतो.

सॅलडला पाणी सुटलेले दिसले तर भांडे तिरपे करून पाणी ओतून टाकावे आणि दोन चमचे मेयोनीज घालावे. फोडी फारच मऊ झाल्या असतील तर त्या जपण्याचा खटाटोप सोडून एक तृतीयांश फोडी मुद्दाम कुस्कराव्यात आणि सेलरीचे प्रमाण वाढवावे. आंबटपणा जास्त झाला असेल तर साखरेपेक्षा आणखी एक उकडलेले अंडे किंवा थोडा उकडलेला बटाटा चांगला उपयोगी पडतो.

उन्हाळ्यातील काळजी

सॅलड खाऊन पोट बिघडले की मेयोनीजवर संशय घेतला जातो. विकत मिळणारे मेयोनीज आंबट असते आणि त्यात जंतू सहजी वाढत नाहीत. खरा धोका उकडलेला बटाटा, अंडी आणि ते हाताळणारे हात यांच्यात असतो. म्हणून शिजलेल्या फोडी हाताने कालवू नयेत आणि चिरण्यापूर्वी हात, चिरायची फळी व सुरी स्वच्छ धुवावी.

५ ते ६० अंश सेल्सियस या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. त्यामुळे सॅलड फ्रीजबाहेर एकूण दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर तापलेली असेल तर एकच तास. जेवण अंगणात किंवा बागेत असेल तर सगळे सॅलड एकदम बाहेर मांडू नये. अर्धे फ्रीजमध्ये ठेवावे आणि अर्धे लहान भांड्यात काढून ते भांडे बर्फाने भरलेल्या मोठ्या भांड्यात बसवावे. पहिले संपले की स्वच्छ भांड्यात दुसरे आणावे, उरलेल्यावरच नवे ओतू नये. दुसऱ्याच्या घरी न्यायचे असेल तर बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थंड पेटीतून न्यावे आणि ती पेटी गाडीच्या डिकीत न ठेवता वातानुकूलित भागात ठेवावी.

जे भांडे बाहेर मांडलेच नाही, ते घट्ट झाकून फ्रीजमध्ये तीन ते चार दिवस चांगले राहते आणि दुसऱ्या दिवशी तर त्याची चव अधिकच मुरलेली असते. फ्रीझरमध्ये मात्र ते ठेवू नये. गोठून वितळताना मेयोनीज फुटते आणि बटाटा पाणचट, रवाळ होतो. बाहेर दोन तास उलटून गेलेले सॅलड दिसायला आणि वासाला कितीही चांगले असले, तरी ते टाकून द्यावे.